देवधरांचं घाबरणं

"तुम्हाला कशाची भीती वाटते?"

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नगरहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली, अंगात कोरी करकरीत हिंमत. "कशाचीच नाही," मी ताठ मानेनं सांगितलं. टेबलापलीकडच्या गृहस्थांचा चेहरा पडला. चांगल्या स्थळाला ऐनवेळी मंगळ निघावा तसा.

"अरेरे," ते म्हणाले. "मग अवघड आहे हो, बाई. इथे औषधं बनतात. न घाबरणारी माणसं आमच्याकडे भरपूर आहेत. मला एक घाबरणारं हवं होतं."

नोकरी हातची जाते म्हटल्यावर मी खरं काय ते बोलून टाकलं. "सुईची वाटते. लहानपणी देवी टोचणारा गावात आला, तेव्हा मी कणगीत लपून बसले होते. आईला वाटलं, आडात पडले."

"वा!" गृहस्थ एकदम फुलले. "मग सोमवारपासून या."

हे रघुनाथ देवधर, आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. पिंपरी-चिंचवडला मोठे कारखाने नुकते कुठे मूळ धरत होते आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ज्वारीच्या शेतात मध्येच एखादं धुराडं दिसायला लागलं होतं. आमचा कारखाना त्या मोठ्यांतला नव्हे. आमचा खासगी, पत्र्याच्या छपराचा. ग्लुकोज, सलाइन, शक्तीची औषधं आणि चार-दोन प्रकारची इंजेक्शनं एवढाच पसारा. मागच्या अंगाला सशांची खोली होती. इंजेक्शन बाहेर जाण्याआधी सशाच्या कानातल्या शिरेत टोचायचं आणि त्याला ताप चढतो का बघायचं, हे आमचं रोजचं काम. ससा तापला, तर औषधात कुठेतरी घाण राहिली असं समजायचं.

देवधर मूळचे देवरुखकडचे. अंगानं काटकुळे, धोतरावर काळा कोट, आणि चेहऱ्यावर कायम आत्ताच कुणीतरी दार वाजवलंय असा भाव. त्यांना विजेची भीती वाटे, बॉयलरची वाटे, उकळत्या दुधाची वाटे. चिंचवडच्या रेल्वे फाटकावर गाडी निघून गेली, फाटक उघडलं, बैलगाड्यासुद्धा पार झाल्या, तरी हे आपले अलीकडेच उभे. "मागून दुसरी असली तर?" असं विचारायचे. कारखान्यातले कामगार त्यांना पाठीमागे 'ससा' म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. "ससा म्हणतात ना? म्हणू देत. सशानं आजवर कुणाला इंजेक्शन दिलेलं नाही," एवढंच म्हणाले.

त्यांच्या पत्नी, आमच्या शांतावहिनी, याच्या बरोबर उलट. एकदा त्यांच्या चिंचवडगावातल्या घरी मी जेवायला गेले होते. स्वयंपाकघरात भलामोठा विंचू निघाला. वहिनींनी बोलता बोलता चिमट्यानं धरून तो बाहेर नेऊन टाकला आणि आमटी वाढली. देवधर पाटावर उभे. "बघा, हे आमचे साहेब," वहिनी म्हणाल्या. "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा माझ्याकडे बघूनसुद्धा दचकले होते."

"दचकलो होतो," देवधर प्रामाणिकपणे म्हणाले. "अनोळखी होतात तुम्ही."

मी हसले खरी, पण प्रयोगशाळेत या माणसापुढे माझं हसू टिकत नसे. आपली भीती त्यांनी कामाला जुंपली होती. कुठल्याही औषधाचा निकाल एकदा बरा आला, की आम्हाला बरं वाटे. त्यांना घाम फुटे. "एकदा आलं म्हणजे काय आलं हो? एकदा तर माझाही नंबर पहिला आला होता. पुन्हा करा. आणि या खेपेला केलं त्या हातांनी नको."

पुन्हा करण्याचीही त्यांची एक रीत होती, आणि तशी मी पुढे कुठेच पाहिली नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ते भिजवून काढून टाकायचे आणि घरून आणलेल्या डबीतून प्रत्येक बाटलीला बोट लावायचे. एकीला हळद, एकीला कुंकू, एकीला बुक्का. कुठल्या रंगात जुनं औषध, कुठल्यात नवं आणि कुठल्यात नुसतं मिठाचं पाणी, हे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात. आम्ही टोचणार, आम्ही ताप बघणार, आम्ही लिहिणार. आणि हे त्या वेळात खोलीबाहेर स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसणार. पहिल्यांदा मला वाटलं, रुसलेत.

"रुसलो नाही, बाई. माझा चेहरा चहाडखोर आहे. मी समोर असलो की तुम्ही माझ्याकडे बघाल आणि मी तुम्हाला न सांगता सांगून टाकीन. मग तुम्हाला ससा दिसणार नाही, मी दिसेन."

आम्ही त्या बाटल्यांना हळदीची, कुंकवाची, बुक्क्याची म्हणायचो. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, आत सत्यनारायण चाललाय.

या डबीपायी त्यांनी एक माणूस मात्र कायमचा दुखावून ठेवला. ते डॉक्टर सबनीस. मालकांच्या मर्जीतले, कारखान्याचे डॉक्टर, आणि नवी औषधं काढण्याचं कामही त्यांच्याकडेच. गोरेपान, रुंद छातीचे, स्वतःची जीप चालवणारे. इंद्रायणीला लोंढा आला असताना वाहून चाललेल्या वासराला पोहून काढणारे. गावोगाव जाऊन फुकट तपासायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल.

सबनिसांनी सांधेदुखीवर एक तेल बनवलं होतं आणि आपल्या तीन कृतींमधली तिसरी सर्वांत गुणकारी आहे अशी त्यांची खात्री होती. देवधरांनी तीन बाटल्या दिल्या, तीन रंगांच्या. सबनिसांनी कामगारांच्या गुडघ्यांना लावून आठवड्यानं सांगितलं, "हळदीची! प्रश्नच नाही. लोक उड्या मारायला लागलेत." देवधर बराच वेळ कोटाचं बटण फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, तिन्ही बाटल्यांत एकच तेल होतं."

सबनीस लालबुंद झाले. "म्हणजे तुम्ही मला फसवलंत!"

"नाही हो. मी तुम्हाला फसण्याची सोय करून दिली. मीही असाच फसतो. म्हणून तर भिंतीकडे तोंड करून बसतो."

त्या दिवसापासून सबनिसांनी प्रयोगशाळेत चहा घेणं सोडलं.

आता नारूचं सांगायला हवं. हल्लीच्या लोकांना तो माहीत नाही, हे त्यांचं भाग्य. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं, की वर्षभरानं पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत, दररोज थोडा थोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. चाकणच्या आसपास तेव्हा काडी बांधलेला पाय नाही असं घर सापडणं कठीण. सबनिसांनी ते गावोगाव पाहिलं होतं आणि त्यांना खरंच कळवळा होता. त्यांनी नारूवर एक इंजेक्शन तयार केलं. आपल्याच चार रोग्यांना ते दिलं आणि चारही जणांचा नारू अख्खा बाहेर पडला.

"नारू तसाही पडतोच," देवधर म्हणाले.

"तुम्हाला आनंद कसला तो होतच नाही का?"

"होतो. पण मागून येतो."

ठरलेल्या नियमाप्रमाणे सशांवर चाचणी झाली. ताप नाही, थरथर नाही, ठरलेले दिवस ससे ठणठणीत. देवधरांनी औषध निर्धोक असल्याच्या दाखल्यावर सही केली. मालकांनी पेढे वाटले. महाळुंग्याच्या अलीकडे एक वाडी होती, तिथं पुढच्या पंधरवड्यात शंभरेक माणसांना इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्या आकड्यावर पुढे सगळी जाहिरात उभी राहणार होती. गावाला सांगितलं होतं, 'कारखान्यातर्फे मोफत शक्तीचं इंजेक्शन'. नवीन आहे, अजून माणसांवर नीट तपासलेलं नाही, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

चाचणी संपली की ससे दुसऱ्या कामाला घ्यायचे, अशी रीत. देवधरांनी ते पिंजरे हलवू दिले नाहीत. "का?" मी विचारलं. "उगीच," म्हणाले. "भीती वाटते." आणि एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पिंजऱ्यात ससा कोपऱ्यात बसलेला, पुढ्यातला लसूणघास तसाच. देवधरांनी त्याचा कान अलगद उजेडात धरला. सशाचा कान आतून गुलाबी असतो. हा पिवळा होता. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचे तर डोळेही.

मी विचारलं, "कावीळ?"

"यकृत गेलं," देवधर म्हणाले आणि पिंजऱ्याची कडी धरून तिथेच उभे राहिले. "मी सही केली. बाई, मी सही केली आहे."

त्या दिवशी त्यांनी पुन्हा चाचणी लावली; हळद, कुंकू, बुक्का. रोज सकाळी मी ससेखोलीत जायची ती देवाचं नाव घेत; पहिल्या खेपेचे काही ससे एव्हाना मेले होते. आठवड्यानंतर कुंकवाच्या पिंजऱ्यातल्या सशांनी खाणं सोडलं आणि त्यांचे कान पिवळे पडले. हळदीचे आणि बुक्क्याचे उड्या मारत होते. मी बाहेर येऊन सांगितलं, "कुंकू." स्टुलावरच्या देवधरांनी मागे वळून पाहिलंच नाही. त्यांची मान खाली गेली, तेवढ्यावरून मला कळलं.

वाडीवरचा कार्यक्रम परवावर आला होता. देवधर मालकांकडे निघाले. "तुम्ही दाराशी थांबा," मला म्हणाले. "मी आत पडलो-बिडलो तर कुणीतरी हवं." मी दाराशी उभी राहिले आणि सगळं ऐकलं.

मालकांना, आबासाहेबांना, आवाज चढवायची गरज कधीच पडत नसे. "देवधर, दाखल्यावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

"ती चुकली, साहेब. आम्ही लवकर बघणं थांबवलं. विष हळू चढतं."

"सशांना ऊन लागलं असेल. पाणी खराब असेल."

"तेच पाणी बाकीचे ससेही प्यायले."

"माणूस म्हणजे ससा नव्हे."

"कबूल. कदाचित माणसाला काहीच होणार नाही. कदाचित जास्त होईल. मला माहीत नाही. निदान लोकांना तेवढं तरी सांगा, साहेब. सशांचं काय झालं ते सांगा आणि मग विचारा, घेता का म्हणून."

"असं सांगितलं तर कोण घेईल?"

"मग न सांगता देणं म्हणजे काय झालं, साहेब?"

आता आबासाहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. आजही तो आठवला की अंगावर काटा येतो. "देवधर, तुमच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. तुम्ही गप्प राहिलात तर काही झालेलंच नाही. तुम्ही बोललात आणि उद्या काही झालं, तर माझ्याकडे एकच कागद आहे आणि त्यावर सही तुमची आहे. फौजदार माझ्याकडे येणार नाही. कळलं?"

देवधर बाहेर आले तेव्हा त्यांचा कोट पाठीला चिकटला होता. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ते ओकले. तोंड धुऊन आले आणि मला विचारलं, "चाकणला एसटी कुठून मिळते हो?"

कार्यक्रमाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. धैर्य वगैरे काही नाही. हा माणूस वाटेतच कुठेतरी कोसळेल ही खात्री होती. नाशिक फाट्यावर आम्ही एसटी पकडली, चाकणला उतरलो आणि तिथून तळेगावच्या वाटेनं कांद्याच्या एका रिकाम्या गाडीत बसलो. सगळ्या वाटेत देवधर एवढंच बोलले, "जीभ टाळूला चिकटली तर तुम्ही बोला."

देवळापुढे मांडव होता. बायाबापड्या रांगेत, पोरं कडेवर, कुणाच्या पायाला काडी, कुणाच्या चिंधी. टेबलावर पांढरा कपडा आणि त्यावर उकळलेल्या सुया. सबनिसांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा जबडा आवळला. देवधर टेबलापर्यंत पोचले. त्यांचे हात एवढे कापत होते की त्यांनी ते एकमेकांत अडकवले. मग दोन्ही मिळून कापायला लागले.

"मंडळी," ते म्हणाले. आवाज फुटला. पुन्हा म्हणाले, "मंडळी, हे शक्तीचं औषध नाही. हे नारूवरचं नवीन औषध आहे. मी ते सशांना टोचलं. थोड्या दिवसांनी त्यांना कावीळ झाली आणि त्यातले काही मेले. तुम्हाला काय होईल ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. घ्यायचं तर हे समजून घ्या. नको असेल तर नाही म्हणा. नाही म्हटलं तरी डॉक्टर तुम्हाला तपासायचं बंद करणार नाहीत."

मग रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी सोता घ्याल का, मास्तर?"

"नाही," देवधर म्हणाले. "मी भितो."

लोक हसले. मला त्या हसण्याचा राग आला आणि रडूही आलं. तेवढ्यात सबनीस पुढे झाले. "मी नाही भीत," म्हणाले, बाही वर सारली, आणि कुणी हलायच्या आत स्वतःच्या दंडात सुई खुपसली. देवधर "अहो, नको!" असं ओरडून पुढे धावले, पण औषध आत गेलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सबनिसांचा चेहरा उजळून निघाला होता. खोटेपणा नव्हता त्यात. तो माणूस आपल्या औषधासाठी मरायलासुद्धा तयार होता, एवढाच त्याचा दोष.

"एक माणूस म्हणजे काही पुरावा नव्हे हो," देवधर पुटपुटत होते, पण त्यांचं आता कोण ऐकतंय.

ऐकलं एका बाईनं. हौसाबाई तिचं नाव. रांगेत पुढेच तिचा नवरा कोंडिबा उभा होता, तिशीचा, पिळदार अंगाचा, घोट्याला काडी बांधलेला. तिनं त्याचा हात धरला. "अवं, नगा घिऊ. ह्यो माणूस लटकं बोलंना. त्याचं हात बघा की."

"कापणाऱ्याचं ऐकून प्वॉट भरतं व्हय?" कोंडिबा म्हणाला. "पिंपरीला कंपनीत भरती हाय. लंगड्याला ग्येटातनं आत घेत्यात का? डागदरानं सोता टोचून घेतलं, दिसंना का तुला?"

"मला दोगंबी दिसलं. ज्येला कळतंय त्यो भितोय."

बायका एकेक करून रांगेतून बाहेर पडल्या, पोरांना घेऊन. मग म्हातारे गेले. होता होता मांडव रिकामा झाला. कोंडिबा आणि आणखी दोघं तरणे राहिले. देवधरांनी प्रत्येकाला पुन्हा सगळं सांगितलं, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. दोघांनी आणि कोंडिबानं माना डोलावल्या आणि दंड पुढे केले. देवधर मागे सरले. "त्यांनी ऐकलं आणि ठरवलं," मला म्हणाले. "आता मी अडवू शकत नाही." पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. टेबलावरची हळद-कुंकवाची डबी तेवढी ते घेऊन गेले. मी तिथेच राहिले; घरी माझ्या पगाराची वाट बघणारी पाच माणसं होती. पण दर रविवारी मी त्यांच्याबरोबर वाडीवर जायची. तिघांनाही ते अंगणात उन्हात उभं करायचे, खालची पापणी ओढायचे आणि बघत राहायचे. "काय दिसतंया, मास्तर?" कोंडिबा हसून विचारी. त्याचा नारू पडला होता, काडी सुटली होती, आणि भरतीत त्याचं नाव लागलं होतं. "पांढरे आहेत," देवधर म्हणत, आणि आडाजवळ जाऊन घटाघटा पाणी पीत. सबनीसही धडधाकट होते. भेटले की मला म्हणत, "सांगा तुमच्या सशाला."

तिसऱ्या रविवारी बाकी दोघांचे डोळे पांढरेच निघाले, पण कोंडिबा अंगणात आलाच नाही. तो आत घोंगडीवर पडून होता. देवधरांनी त्याची पापणी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मला काही विचारावं लागलं नाही. दाराच्या उजेडात मलाही तो रंग दिसला.

"काय हुईल आता?" हौसाबाईनं विचारलं.

"मला माहीत नाही," देवधर म्हणाले. "पुण्याला न्यायचं. आत्ता."

मी चाकणहून कारखान्यात निरोप धाडला आणि तासाभरात सबनीस स्वतः जीप घेऊन आले. एक शब्द न बोलता त्यांनी कोंडिबाला उचलून मागे झोपवलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्याशी पोचलो तेव्हा त्यांनी देवधरांना बाजूला घेतलं. "आबासाहेबांचा निरोप आहे. विहिरीच्या पाण्याची कावीळ म्हणा. तिथं सगळ्यांना होते. तुमच्यासाठीच सांगतोय, देवधर. सही तुमची आहे." एवढं बोलून ते जीपपाशी थांबले. लोंढ्यात उडी मारणारा तो माणूस दवाखान्याची पायरी काही चढला नाही. मला त्यांची कीव आली, आणि तेवढाच संतापही.

आत एका तरुण डॉक्टरनं कोंडिबाला तपासलं आणि विचारलं, "काही औषध-बिषध घेतलं होतं का यानं?"

हौसाबाईनं देवधरांकडे पाहिलं. देवधरांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला त्यांनी दिलेलं काम आठवलं: जीभ चिकटली तर तुम्ही बोला. मी तोंड उघडणार, एवढ्यात ते बोलायला लागले. औषधाचं नाव, त्यात काय काय होतं, किती टोचलं, सशांना केव्हा काय झालं, पहिल्या चाचणीत काय चुकलं. सगळं सांगितलं, मध्ये दोनदा थांबून घाम पुसला, पण गाळलं काही नाही. शेवटी म्हणाले, "औषध निर्धोक आहे असा दाखला मी दिला होता. माझं नाव रघुनाथ देवधर. लिहून घ्या."

डॉक्टरनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय," देवधर म्हणाले. "पण तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही उपचार कशाचा करणार?"

कोंडिबा त्यातून उठला. पण ते महिन्या-दीड महिन्यानं. कंपनीतली जागा तोवर गेली होती. ते इंजेक्शनही पुढे कधी बाजारात आलं नाही. फौजदार मात्र देवधरांच्या घरी आला, एकदा नव्हे, अनेकदा, आणि शेवटी ते बिऱ्हाड आवरून कोकणात निघून गेले. त्या दुपारी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्या दुपारी कोंडिबा डोळे मिटून पडला होता, आणि डॉक्टर म्हणाले होते, रात्र काढली तर बघू.

वॉर्डाबाहेर फरशीवर हौसाबाई बसली होती. देवधर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी जरा लांब थांबले. मला परतीची गाडी गाठायची होती आणि पाय निघत नव्हता.

"बाई," देवधर म्हणाले, "तुम्ही आत ऐकलंत. औषध चांगलं आहे असं पहिल्यांदा मीच लिहून दिलं होतं. म्हणून ते तुमच्या वाडीपर्यंत आलं."

हौसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही.

"मंग आता उठून जाऊ नगा," ती म्हणाली. "त्ये उठस्तवर हितंच बसायचं."

"बसतो," देवधर म्हणाले, आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले.